शब्दचर्चा : राज्याभिषेक, राज्यारोहण, आणि खजिना ‘सुरक्षित’ करणारा हेन्री

धागाकर्ती :

मध्ययुगीन इंग्लंडवरचा एक इंग्रजी मजकूर मराठीत आणते आहे. एका वाक्यापाशी तीन दिवस अडकले आहे. माझा पहिला खर्डा असा :

‘भावाच्या निधनानंतर हेन्रीने विंचेस्टरचा खजिना सुरक्षित केला व तीन दिवसांनी त्याचे राज्यारोहण झाले.’

व्याकरणात चूक नाही. पण वाचताना डोळ्यांपुढे असं चित्र येतं की घरात सुतक आहे आणि धाकटा भाऊ शहाणपणाने तिजोरीला कुलूप घालतोय. घडलं ते पार निराळं. २ ऑगस्ट ११००, गुरुवार. राजा विल्यम रूफस न्यू फॉरेस्टच्या रानात शिकारीला गेला असताना बाण लागून पडला. धाकटा भाऊ हेन्री, म्हणजे पुढचा राजा पहिला हेन्री, त्याच शिकारीत होता. भावाच्या प्रेतापाशी तो थांबला नाही, तडक विंचेस्टर गाठलं, कारण राज्याचा खजिना तिथे होता. थोरला भाऊ रॉबर्ट, नॉर्मंडीचा ड्यूक, अजून धर्मयुद्धावरून परतीच्या वाटेवर. विल्यम ऑफ ब्रेतॉय नावाचा सरदार खजिन्याच्या आड उभा राहिला आणि म्हणाला, आपण सगळे रॉबर्टला शपथेने बांधलेलो आहोत. ऑर्डेरिक व्हायटॅलिस हा मठातला इतिहासकार लिहितो की तेव्हा हेन्रीने तलवार उपसली. खजिना हाती आला. रविवारी, ५ ऑगस्टला, वेस्टमिन्स्टरमध्ये हेन्रीच्या डोक्यावर मुकुट होता. कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म देशाबाहेर होते. त्यांची वाट न पाहता लंडनच्या बिशपांकडून विधी उरकून घेतला.

मूळ इंग्रजी शब्द ‘सिक्युअर’. आता सांगा, हे ‘सुरक्षित करणं’ आहे का? आणि ‘राज्यारोहण’ हा शब्द इथे बसतो की ‘राज्याभिषेक’ म्हणायचं? मराठीत राजा नेमका कोणत्या क्षणी राजा होतो?

प्रतिसाद :

‘सिक्युअर’ला मराठीत एक शब्द नाही आणि तो शोधायलाही जाऊ नये. खजिना असेल तर *ताब्यात घेतला, हस्तगत केला*. किल्ला असेल तर *काबीज केला*. गादी असेल तर *बळकट केली*. माणसं असतील तर *आपल्या बाजूला वळवली*. राज्य असेल तर *घडी बसवली*. इंग्रजी एकाच क्रियापदावर सगळं भागवते, मराठीला प्रत्येक वेळी विचारावं लागतं की नेमकं काय केलं. तुमच्या वाक्यात ‘हस्तगत केला’. तलवार उपसून घेतलेल्या वस्तूला ‘सुरक्षित’ म्हणणं म्हणजे हेन्रीची वकिली करणं.

प्रतिसाद :

मी मोडी कागद वाचतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. ताई, हा भेद मराठीत आहे आणि चांगला ठसठशीत आहे. आपण तो वापरायचा सोडून दिला. छत्रपती संभाजी महाराजांचं *मंचकारोहण* १६८० च्या जुलैत आणि *राज्याभिषेक* १६८१ च्या जानेवारीत. मधल्या सहा महिन्यांत राज्यकारभार थांबलेला नव्हता. मंचकावर बसणं म्हणजे सत्ता हाती घेणं. अभिषेक म्हणजे त्या सत्तेवर धर्मविधीची मोहोर. छत्रपती राजाराम महाराजांचंही १६८९ मध्ये रायगडावर मंचकारोहणच झालं.

इंग्रजीतल्या ‘अ‍ॅक्सेशन’ आणि ‘कॉरोनेशन’ या जोडीला याहून चांगली जोडी शोधूनही सापडायची नाही. फक्त ‘मंचक’ शब्दाला आपल्या दरबाराचा वास आहे. इंग्लंडच्या राजाला मंचकावर बसवलं तर वाचक दचकेल. तिथे *गादीवर येणे* किंवा *राज्यारोहण* घ्यावं, पण मनात मंचकारोहण ठेवून.

आणखी एक शब्द विसरू नका : *द्वाही*. नव्या राजाच्या नावाने ‘द्वाही फिरली’ म्हणजे आता हुकूम याचा, हे मुलखाला कळवलं. ‘प्रोक्लमेशन’ला वर्तमानपत्रं ‘उद्घोषणा’ लिहितात. उद्घोषणा रेल्वे स्टेशनवरही होते. द्वाही फक्त सत्तेचीच फिरते.

प्रतिसाद :

वाचनालयात काम करते, म्हणून एक छोटीशी भर. ‘अ‍ॅक्सेशन रजिस्टर’ला आम्ही *दाखल नोंदवही* म्हणतो. पुस्तकावर दाखल क्रमांक पडला की ते वाचनालयाचं झालं. आणि १९४७ मध्ये संस्थानिकांनी सही केलेला ‘इन्स्ट्रुमेंट ऑफ अ‍ॅक्सेशन’ मराठीत *सामीलनामा* झाला. पुस्तक दाखल होतं, संस्थान सामील होतं, राजा आरूढ होतो. लॅटिनमधला मूळ अर्थ ‘जवळ येणे, येऊन मिळणे’ असा आहे. मग राजा गादीजवळ जातो की गादी राजाजवळ येते, हा प्रश्न माझ्या मनात राहिला आहे.

धागाकर्ती :

मोडीवाले दादा, ‘द्वाही’साठी मनापासून आभार. हा शब्द आजीच्या तोंडी ऐकला होता, लिहायचं धाडस झालं नव्हतं.

पण मंचकारोहण आणि राज्याभिषेक ही जोडी लावून पाहिली तेव्हा हेन्रीच्या वेळी ती लागतच नाही असं दिसलं. ११०० मध्ये इंग्लंडात ‘अ‍ॅक्सेशन’ असा वेगळा क्षण नव्हताच. मुकुट चढण्याआधी हेन्री फक्त ‘राजाचा भाऊ’ होता. तीन दिवस देशाला राजाच नव्हता. म्हणून तर त्याला एवढी घाई. रॉबर्ट किनाऱ्याला लागण्याआधी डोक्यावर तेल पडायला हवं होतं, कारण त्या काळच्या समजुतीप्रमाणे एकदा अभिषेक झालेल्या माणसाला पुन्हा साधा माणूस करता येत नाही. १०८७ मध्ये रूफसनेही हेच केलं होतं. बाप ९ सप्टेंबरला रूआँमध्ये वारला, २६ सप्टेंबरला याने वेस्टमिन्स्टरमध्ये मुकुट घातला. ११३५ मध्ये स्टीफननेही तेच केलं. मामा वारला १ डिसेंबरला, आणि २२ डिसेंबरला भाचा राजा. आधी लंडन, मग विंचेस्टरचा खजिना, मग मुकुट. हेन्रीची मुलगी मटिल्डा, जिच्यासाठी सरदारांकडून शपथा घेतल्या होत्या, ती समुद्रापलीकडेच राहिली.

म्हणजे या लोकांसाठी ‘राज्याभिषेक’ हाच ‘राजा होणे’चा अर्थ. माझ्या खर्ड्यातलं ‘राज्यारोहण’ चुकलं.

प्रतिसाद :

बरोबर पकडलंत. त्याला पुढचा टप्पा जोडतो, म्हणजे दोन शब्द केव्हापासून वेगळे लिहायचे ते ठरेल.

तिसरा हेन्री १६ नोव्हेंबर १२७२ ला वारला तेव्हा मुलगा एडवर्ड धर्मयुद्धावरून परतत होता, तो सिसिलीपर्यंतच पोचला होता. जुन्या रीतीने पाहिलं तर ही केवढी धोक्याची वेळ. पण सरदारांनी चार दिवसांत, २० नोव्हेंबरला, गैरहजर एडवर्डला निष्ठेची शपथ वाहिली आणि त्याच्या नावाने द्वाही फिरली. एडवर्ड इंग्लंडात उतरला तो १२७४ च्या ऑगस्टमध्ये. १९ ऑगस्टला अभिषेक झाला. पण त्याच्या राजवटीची वर्षं मोजली जातात २० नोव्हेंबर १२७२ पासून. पावणेदोन वर्षं मुकुट नसलेला माणूस राजा होता, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या मुलाच्या वेळी तर चार दिवसांचंही अंतर उरलं नाही. बाप ७ जुलै १३०७ ला गेला, मुलाची राजवट ८ जुलैपासून.

म्हणून माझं मत : १२७२ च्या आधी ‘अमुक राजा झाला’ याची तारीख म्हणजे राज्याभिषेकाची तारीख. १२७२ नंतर *गादीवर आला* आणि *राज्याभिषेक झाला* ही दोन वेगळी वाक्यं. नंतरच्या काळात पाचवा एडवर्ड आणि आठवा एडवर्ड या दोघांना अभिषेक झालाच नाही, तरी ते राजांच्या यादीत क्रमांकासह आहेत. ‘राज्याभिषेक झाला म्हणजे राजा झाला’ हे समीकरण मराठी वाचकाच्या डोक्यात घट्ट आहे. त्याला हे दोघे राजे कसे, तेच कळत नाही.

प्रतिसाद :

तलाठी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमची चर्चा वाचताना मला सातबाराच दिसतोय.

बाप वारला की त्याच क्षणी जमीन वारसाची होते. आम्ही नंतर घालतो तो *फेरफार* म्हणजे नोंद. फेरफार नाही म्हणून हक्क नाही असं नसतं, आणि फेरफार झाला म्हणून नसलेला हक्क तयारही होत नाही. गावात मात्र लोक नाव चढल्याशिवाय वारसाला मानत नाहीत, हेही तितकंच खरं. बारावं होण्याआधी मृत्यूचा दाखला घेऊन चावडीवर आलेले भाऊ मी पाहिले आहेत. दुसरा भाऊ मुंबईहून येण्याआधी नाव लागावं म्हणून. हेन्रीची घाई मला परकी वाटली नाही.

८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ बाल्मोरलला वारल्या. चार्ल्स त्याच क्षणी राजे झाले. १० तारखेला सेंट जेम्स राजवाड्यात अ‍ॅक्सेशन कौन्सिल भरलं, त्यांनी घोषणा केली, ती बाल्कनीतून वाचली. तो फेरफार. ६ मे २०२३ चा अभिषेक म्हणजे वास्तुशांत. घर आधीच यांच्या नावावर होतं.

प्रतिसाद :

तलाठी काका, फार नेमकं सांगितलंत. फक्त वास्तुशांतीच्या उपमेवर थोडं अडखळले. वास्तुशांत नाही केली तरी चालते. इंग्लंडात अभिषेकाच्या वेळी राजा *शपथ* घेतो, तिला कायद्याचं वजन आहे. १३०८ मध्ये दुसऱ्या एडवर्डकडून एक जास्तीचं कलम वदवून घेतलं होतं, की राज्यातले लोक जे कायदे निवडतील ते मी पाळीन. राजाला बांधून घ्यायची ती संधी होती. हक्क मृत्यूने मिळतो, पण जबाबदारी तोंडाने कबूल करावी लागते. तेव्हा अभिषेकाला नुसता समारंभ समजू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद :

मी दिवाणी वकील. या सगळ्यात सर्वांत सुंदर शब्द अजून आलाच नाही : *डिमाइज*.

इंग्रजी पेपरात ‘डिमाइज’ वाचलं की आपण ‘निधन’ लिहितो. पण भाडेपट्ट्याच्या इंग्रजी मसुद्यात ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ असतं, म्हणजे भाड्याने दिलेली जागा. जागा काही मेलेली नसते! शब्दाचा मूळ अर्थ ‘सोडून देणे, दुसऱ्याच्या हाती देणे’. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजी कायद्यात आला, तो मिळकतीच्या हस्तांतरणासाठी. ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ म्हणजे मुकुटाचं *हस्तांतरण*. ते बहुतेक वेळा राजाच्या मरणाने होतं, म्हणून लोक मरणालाच डिमाइज म्हणू लागले.

पुरावा हवा असेल तर ब्लॅकस्टोन पाहा. अठराव्या शतकातला हा कायदेपंडित सांगतो की चौथ्या एडवर्डला १४७० मध्ये काही महिने गादी सोडून पळावं लागलं, त्या काळालाही ‘डिमाइज’ म्हटलं गेलं, आणि राजा खरोखर मेल्यासारखे कोर्टातले सगळे खटले बंद पडले. माणूस जिवंत, पुढच्या वर्षी परत गादीवर! आणि १९३६ चा पदत्यागाचा कायदा. आठव्या एडवर्डचा पदत्याग ११ डिसेंबरला अमलात आला, त्या कायद्यात शब्द आहेत की ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ होईल. इथे ‘निधन’ लिहिलं तर पस्तीस वर्षं आधीच माणसाला मारल्यासारखं होईल.

खटले बंद पडण्याची भानगड खरी होती. न्याय राजाच्या नावाने, अधिकारपत्रं राजाच्या नावाने, संसद राजाने बोलावलेली. राजा गेला की सगळं गळून पडायचं. खटले पुढे चालू राहावेत म्हणून १५४७ मध्ये कायदा करावा लागला. राजा वारल्यावरही संसद सहा महिने टिकेल, असं १७०७ च्या कायद्यात लिहिलं. ‘राजा कधी मरत नाही’ हे वचन आपण ऐकतो, ते एका झटक्यात खरं झालेलं नाही. एकेक कायदा करत ते खरं करावं लागलं.

माझी सूचना : कायद्याच्या मजकुरात *मुकुटाचे संक्रमण*, बोलीत *गादीची खांदेपालट*.

धागाकर्ती :

वकीलसाहेब, ‘संक्रमण’ घेते. ‘खांदेपालट’ नको, तो शब्द मंत्र्यांच्या खात्यांना चिकटलाय.

तुमच्या ‘सगळं गळून पडायचं’वरून मला ‘किंग्ज पीस’ आठवला. मी त्याला ‘राजाची शांतता’ लिहून ठेवलं होतं. वाचायला बरं वाटतं, पण अर्थ पोचत नाही. ती शांतता म्हणजे वातावरण नव्हे, राजाने दिलेलं संरक्षण. त्या संरक्षणात असताना कोणी हात उचलला तर तो राजाचा गुन्हेगार. आणि ते राजाबरोबर मरायचं! ११३५ मध्ये हेन्री वारल्यावर काय झालं ते पीटरबरोच्या मठात लिहिलेल्या बखरीत आहे. ज्याला जमेल तो दुसऱ्याला लुटू लागला. तीच बखर हेन्रीबद्दल म्हणते की त्याने माणसांना आणि जनावरांना शांतता दिली. जनावरांनाही!

हेन्रीने गादीवर आल्याआल्या जी सनद काढली, तिच्यात एक वाक्य आहे : माझ्या साऱ्या राज्यात मी पक्की शांतता ‘ठेवतो’ आणि यापुढे ती पाळली जावी असा हुकूम करतो. लॅटिनमध्ये क्रियापद ‘पोनो’ आहे. ठेवतो, मांडतो. घरात एखादी वस्तू आणून ठेवावी तशी. नवा राजा, नवी शांतता.

याला मराठी काय?

प्रतिसाद :

*अभय.* शंका घेऊ नका. किंवा *कौल*. उजाड गाव पुन्हा वसवायला राजा रयतेला कौल देत असे, त्यात हाच अर्थ आहे : या, नांदा, तुम्हांला कोणी हात लावणार नाही. ‘राजा गेला, अभय गेलं’ हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

धागाकर्ती :

अभय! हेच. धन्यवाद.

त्याच सनदेत आणखी एक अडचण आहे. सरदार वारला की त्याच्या वारसाला जमीन ‘विकत घ्यावी’ लागणार नाही, जशी माझ्या भावाच्या काळात लागे. तो फक्त न्याय्य ‘रिलीफ’ देईल, असं हेन्री म्हणतो. कोशात रिलीफला दिलासा, मदत, सूट. दिलासा राजाने द्यायचा की वारसाने?

तलाठी काका :

*नजराणा.* वारसाने धन्याला द्यायचा. सरंजाम असो की वतन, पुढच्या पिढीच्या नावे करताना नजराणा भरावा लागे. आजही वर्ग दोनची जमीन विकायची तर सरकारला नजराणा भरतात. हेन्री म्हणतोय, ‘नजराणा वाजवी घेईन, भावासारखं लुबाडणार नाही.’ ही सनद म्हणजे सरदारांना दिलेली लाच नाही का? गादी माझी माना, तुमचा नजराणा कमी करतो.

प्रतिसाद :

लाच म्हणणार नाही, सौदा म्हणेन, आणि सौदा लेखी होता हे महत्त्वाचं. पुढे १२१५ मध्ये जॉन राजाला कोंडीत पकडणाऱ्या सरदारांनी हीच सनद समोर ठेवली होती. कमकुवत हक्काचा राजा जास्त वचनं देतो, आणि ती वचनं त्याच्यानंतरही उरतात. हेन्रीने नोव्हेंबरमध्ये लग्नही केलं ते जुन्या इंग्रज राजघराण्यातल्या मुलीशी. रॉबर्ट ११०१ मध्ये फौज घेऊन उतरला तेव्हा पैसे कबूल करून तह केला, आणि ११०६ मध्ये टिंशब्रेच्या लढाईत त्यालाच पकडलं. रॉबर्ट मरेपर्यंत, सत्तावीस वर्षांहून जास्त, कैदेत. *घडी बसवणं* म्हणजे हे सगळं.

याच्या शेजारी सातवा हेन्री ठेवून पाहा. २२ ऑगस्ट १४८५ ला बॉस्वर्थच्या लढाईत राजा तिसरा रिचर्ड पडला. जिंकलेल्या सातव्या हेन्रीने आपली राजवट मोजली २१ ऑगस्टपासून, म्हणजे लढाईच्या आदल्या दिवसापासून. का? तसं केलं की रिचर्डच्या बाजूने लढलेले सगळे राजद्रोही ठरतात आणि त्यांच्या जमिनी जप्त करता येतात. अभिषेक ३० ऑक्टोबरला, त्यानंतर संसद, आणि यॉर्क घराण्यातल्या एलिझाबेथशी लग्न थेट पुढच्या जानेवारीत. बायकोच्या हक्काने राजा झाला असं कोणी म्हणू नये म्हणून हा क्रम. त्याच्या संसदेने ठरावात हक्क कुठून आला ते सांगितलंच नाही. वारसा त्याच्या ठायी ‘असो, राहो, टिको’ एवढंच म्हटलं. इथे तुमचा *राज्यारोहण* शब्द कोणत्या तारखेला लावणार?

धागाकर्ती :

‘राजवटीची गणना २१ ऑगस्टपासून’ असं लिहीन. राज्यारोहण म्हणणार नाही, कारण त्या दिवशी तो कशावरही आरूढ नव्हता.

राहता राहिला ‘होमेज’. २०२३ च्या अभिषेकाच्या बातम्यांत एका ठिकाणी ‘युवराज विल्यम यांनी राजांना आदरांजली वाहिली’ असं वाचलं आणि पोटात गोळा आला. समोर गुडघ्यावर बसून ‘माझा जीव आणि हातपाय तुमच्या चाकरीला’ अशा अर्थाचे शब्द बोलणारा माणूस अंजली वाहत नसतो.

मोडीवाले दादा :

होमेजमध्ये फ्रेंच ‘ओम’ आहे, माणूस. ‘मी तुमचा माणूस झालो.’ मराठीत अगदी हेच म्हणतात : *पदरी राहिला*, *अमक्याचा माणूस*. जुन्या विधीत खालचा आपले जोडलेले हात वरच्याच्या दोन्ही हातांत देई. ‘पदरी’ला त्या हातांची ऊब आहे. शपथेचा भाग असेल तिथे *इमान वाहिले*. आपल्याकडे बेलभंडार उचलत, ते बायबलवर हात ठेवत.

धागाकर्ती :

सगळ्यांचं ऐकून परिच्छेद पुन्हा लिहिला. बघा कसा वाटतो :

‘रूफस रानात पडला तो गुरुवारी. हेन्रीने प्रेत तिथेच सोडून विंचेस्टरकडे घोडा पळवला आणि तलवारीच्या धाकाने खजिना हस्तगत केला. रविवारी वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक झाला आणि तेव्हाच तो राजा झाला. भावाबरोबर राजाचे अभयही संपले होते. नव्या सनदेत त्याने ते पुन्हा दिले, सरदारांना नजराणा वाजवी घेण्याचे वचन दिले, आणि रॉबर्ट येऊन पोचेपर्यंत राज्यातले बरेच लोक हेन्रीच्या पदरी होते.’

प्रतिसाद :

‘घोडा पळवला’ म्हटलं की चोरून नेल्यासारखं वाटतं. ‘घोडा दामटला’ करा.

धागाकर्ती :

केलं.